कोळीण

हीउमा बेटावर बटाटे काढताना
हेल्वेच्या खुरप्याखाली आली ती :
करडी, केसाळ, घाईत,
मागे अंड्यांची पांढुरकी थैली.

हिला जाळं नसतं.
उभा जन्म जमिनीवर धावते.
जाळी हेल्वेच्या पडवीत, खुंटीला,
तीन वर्षं कोरडी,
तरी पावसाळी हवेत माशांचा वास येतो.

खुरप्याचं टोक लागलं. थैली ढेकळांत गेली कुठेशी.
ती थांबली. चाचपत फिरली,
परत त्याच जागी आली,
मग हेल्वेच्या मोज्यातून गळलेली
लोकरीची गुठळी उचलली,
चिकटवली मागे
आणि निघाली तेवढ्याच घाईत.

"अगं, लोकर आहे ती,"
हेल्वे म्हणाली.
पुढे काही बोलली नाही.

संध्याकाळी मासे धुरीला लावले,
तार्वोचा जुना नोकिया चार्जिंगला लावला.
सिमकार्ड केव्हाच बंद झालंय.
रोज लावते.

मग बॅटरी घेऊन गेली शेतात, थैली शोधायला.
उजेड खाली टाकला मात्र,
ढेकळाढेकळातून हिरवे ठिपके पेटले,
डोळेच डोळे.

त्यातली ती कुठली,
कुणाला सांगणार?