सातवी पायरी

डुलूथमध्ये बर्फ अजून वितळलेलं नाही.
मार्लिस जिन्याच्या सातव्या पायरीवर बसते,
उरलेल्या सहा वरून बघत राहतात.
ओठ निळे. नातू विचारतो,
ब्लूबेरी एकटीनंच खाल्ल्यास ना?

आर्वो खालून मोठ्यानं वाचतो:
त्या औषधाला 'अनाथ' दर्जा मिळाला.
म्हणजे?
म्हणजे तुझ्यासारखी माणसं इतकी थोडी,
की त्याला कुणी घरात घेत नव्हतं.
आता सरकार म्हणतंय, घ्या, फी माफ.

आणि येणार कधी ते?

आर्वो चष्मा पुसतो.
कागदावर तारीख नाही.

तिच्या छातीत रक्त दार ढकलतं,
दमतं, ढकलतं.

नाव काय म्हणालास त्याचं?
नाव नाही. नुसता नंबर.

बिचारं, म्हणते मार्लिस,
आणि कठड्याला धरून
आठवीवर पाय ठेवते.