एक शेड उतरता

शीतलामाता बाजारात आमचं दुकान, सात फूट रुंद.
फॉल, अस्तर, ब्लाउजपीस.
एका हिरव्याचे एकोणीस हिरवे.
आमच्याकडे नवं असं काही मिळत नाही,
तुमच्याकडे आहे त्याच्या जोडीचं मिळतं.

चारुशीलाबाई टोकेकर दर दिवाळीआधी यायच्या.
बँकेत टेलिफोनवर होत्या, एकतीस वर्षं. जन्मापासून दृष्टी नाही.
पिशवीतली साडी काउंटरवर ठेवून म्हणायच्या,
"मॅचिंग नंतर. आधी ही कोणती ते सांगा."

आमसुली म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला लागे.
"कळली. आंबट, पण उन्हात पडून राहिलेली."
शेवाळी: "हिच्यावरून पाय घसरणार."
मोतिया गार.
अबोलीला हसल्या,
"जन्मभर फोनवर बोलले, मला कशी शोभेल ही?"
तरी घेतली.
रंगांना घरातल्या, परसातल्या वस्तूंची नावं ठेवणाऱ्यांचे
आमच्यावर उपकार आहेत. तेवढ्यावर भागत होतं.

निळ्यापाशी अडलं.
म्हटलं, आभाळाचा.
"आभाळाला माझा हात कुठे लागलाय?"
म्हटलं, लांबचा.
"लांब म्हणजे किती? देवासएवढा?"
त्या थट्टा करत नव्हत्या.
मागे चार गिऱ्हाइकं उभी होती.
मी वरच्या खणातून एक पीस काढलं,
टर्रकन फाडलं, दिलं.

बाकीच्या बायका पीस घेऊन ओट्यावर जातात.
ट्यूबलाइट खोटं बोलते.
उन्हात साडीला कापड लावतात, मान तिरकी करतात,
आत येऊन म्हणतात, "भैया, एक शेड उतरता दो."
टोकेकरबाई कधी ओट्यावर गेल्या नाहीत.
"तुम्ही पाहिलंय ना? मग झालं."

मार्चमध्ये माझा मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटली, आणि कोपऱ्यातली बादली
इतकी निळी होती की मी नर्सला विचारलं, नवी आणली का?
"जुनीच आहे, काका."

दुकानात येऊन खण उघडले.
ज्यांना मी राखी समजून रचत होतो
ते सगळे निळे, मुकाट बसलेले.
बाकीच्यांनी त्या त्या वेळी उन्हातून परत येऊन बदलून घेतलं होतं,
मी म्हणायचो, बायकांना काही पसंतच पडत नाही.
एकाच गिऱ्हाइकानं बदलून घेतलं नव्हतं.

यंदा त्या आल्या तेव्हा मी बिलबुकं काढून ठेवली होती.
सांगितलं. तीन साड्या, तिन्ही चुकल्या.
पैसे पुढे सरकवले. त्यांनी हात लावला नाही.
स्टूल चाचपून बसल्या.
"म्हणजे तुम्हाला दिसत नव्हतं,
आणि दिसत नाही हेही माहीत नव्हतं."
हो.
"मला निदान माहीत असतं."
पंख्याची कटकट ऐकत दोघं बसलो.
मग म्हणाल्या, "परत आला तेव्हा कसा होता?"

या वेळी मागे कोणी नव्हतं.
म्हटलं, बाई, पाण्याची मोटर तासभर चालू असते.
आपण विसरून जातो.
मग ती बंद होते,
आणि घर एकदम मोठं होतं.
तसा.

त्यांनी मान वर केली, फोन उचलल्यासारखी.
"ट्रंककॉलची खरखर थांबायची तसं," म्हणाल्या.
"मग पलीकडच्याचा श्वाससुद्धा यायचा.
लांबचा म्हणालात ते खरंच होतं तर.
अर्धंच सांगितलंत."

निळीची जोडी मी नव्या डोळ्यांनी काढली. दोनदा ताडून पाहिली.
त्यांनी साडी उचलली, पीस उचललं,
आणि काठी पुढे टाकत पहिल्यांदाच ओट्यावर गेल्या.
उन्हात उभ्या राहिल्या.
समोरून कॉलेजची मुलगी चालली होती, हातात कचोरीचा कागद.
"बेटा, ये मिल रहा है क्या?"

मुलगी थांबली. मान तिरकी केली.
"थोड़ा सा फर्क है, आंटी," म्हणाली,
"एक शेड उतरता ले लो."