चालू रीडिंग

देवपुरात, पाण्याच्या टाकीमागे, कोतकरांची तीन मजली इमारत.
नऊ वर्षं मी तिच्या मीटरपुढे उभा राहिलो
आणि नऊ वर्षं एकच आकडा लिहिला :
चार हजार चारशे एकाहत्तर.
शेरा : घर बंद.
मीटरच्या पेटीत चिमणीनं घरटं केलं, मोडलं, पुन्हा केलं.
तिच्यासाठी माझ्या यंत्रात रकाना नव्हता.

वैशाखातल्या एका सकाळी
चकती फिरत होती.
वर गच्चीत दोरीवर परकर, शाळेचे शर्ट,
आणि चादरीवर निळीनं लिहिलेलं :
आम्ही चोर नाही. आम्हाला पत्ता द्या.
पांझरेच्या काठावरून उठवलेली एकवीस घरं
(उठवल्यावर त्यांना घरं म्हणत नाहीत, अतिक्रमण म्हणतात)
कुलूप न तोडता, बिजागऱ्या काढून आत आली होती.
दार भिंतीला टेकवून ठेवलेलं,
कडीला कुलूप जसंच्या तसं.

गोजरबाई म्हणाली, "बठ ना भाऊ, चहा लेस का?"
मग हळूच,
"आकडा बराबर लिख. आम्ही आठे शेतस,
हाई कागदवर येवाले जोयजे."

संध्याकाळी कोतकर माझ्या खोलीवर आले.
हातात नऊ वर्षांच्या पावत्यांची पिशवी.
मस्कतला चौदा वर्षं क्रेन चालवली त्यांनी,
एकेका मुलाला एकेक मजला.
थोरला कॅनडात. मधला बोलत नाही.
धाकट्याच्या मजल्याविषयी ते बोलत नाहीत.
"भाड्यानं का नाही दिलं?"
"दिलेलं परत मिळतं का?"
थोडं थांबून म्हणाले, "आता न देताच गेलं.
तू लिही, घर बंदच होतं. बिलाला माझ्या एक दिवस उशीर नाही."
पाणी प्यायले आणि पेला स्वतःच विसळून ठेवला.

माझं स्वतःचं घर अकरा महिन्यांचं.
बारावा लागला तर मी हक्क सांगेन, अशी मालकिणीला धास्ती,
म्हणून दर वर्षी नवा स्टँप, नवी सही,
मोरीचा नळ तोच गळका.
बाई वाईट नाही. संक्रांतीला तिळगूळ पाठवते,
झाकण नसलेल्या डब्यात.

मी जे दिसलं ते लिहिलं :
चार हजार चारशे अठ्ठ्याण्णव.
एकवीस कुटुंबांचे सत्तावीस युनिट.
मोबाईल, दम्याच्या म्हाताऱ्याजवळ एक पंखा,
आणि जिन्यात एक बल्ब, त्याखाली
दहावीला गणितात राहिलेली एक पोरगी.
यंत्र विचारतं, घर बंद की चालू?
कुणाचं, ते विचारत नाही.

शेवटच्या तारखेला भरणा केंद्रावर
रांगेत कोतकर पहिले.
तीन माणसं सोडून गोजरबाई,
रुमालात नाणी, वहीच्या पानावर तोच ग्राहक क्रमांक.
पावती ज्याच्याकडे, ताबा त्याचा,
असं दोघांनाही आपापल्या वकिलानं सांगितलेलं.
कोतकरांनी भरलं.
गोजरबाईनंही भरलं.
खिडकीतला पोरगा म्हणाला, "मावशी, हे ॲडव्हान्स जमा होईल.
नाव त्यांचंच छापून येणार."
"छापू दे. पैसा तं आम्हना शे ना."
कोतकर पायरीवर उभे होते, ऐकत.
छत्री उघडली त्यांनी, उन्हासाठी,
आणि बराच वेळ नुसतेच उभे राहिले.

दावा चालू आहे. तारखा पडतात.
मला साक्षीला बोलावलंय, आकडा पाठ आहे माझा.

आषाढ लागायच्या आधी कोतकरांनी सुतार पाठवला.
सागवानी दार आहे, भिजून फुगेल, म्हणाले.
बिजागऱ्या बसवायच्या तर
कुलूप आधी काढावं लागणार होतं,
आणि किल्ली एकट्या त्यांच्याकडे.
आतली माणसं बाजूला झाली.
पोरं जिन्यावर ओळीनं बसून बघत राहिली.
गंजलेलं होतं. दोनदा तेल सोडावं लागलं.

आता दार आतून लागतं.
मी जातो, कडी वाजवतो,
आणि कुणी उघडेपर्यंत
बाहेरच्या बाहेर आकडा वाचून घेतो.