वल्हं आलं

मंगळवारी तीन ते सहा मी लोकांच्या पावत्या वाचते,
रोस्टॉकच्या जुन्या वाचनालयात, हीटरशेजारच्या टेबलाशी.
वॉशिंग मशीन, विमानाची तिकिटं,
एकदा तर पोपट.
त्या मंगळवारी हिनर्क ब्रुडगाम आले,
आणि त्यांच्या आधी दारातून आत आलं
एक वल्हं.

दोन्ही टोकांना पाती, पिवळंधमक,
अजून प्लास्टिकमध्ये.
छत्र्यांच्या स्टँडमध्ये मावेना
म्हणून त्यांनी ते टेबलावर आडवं ठेवलं
माझा चहा सरकवून.
म्हणाले, "होडी नाही आली."

एकेचाळीस वर्षं गोदीत वेल्डर.
त्यांनी सांधलेली जहाजं कुठल्या कुठल्या समुद्रांत गेली,
ते मात्र कधी धक्क्यापुढे गेले नाहीत.
आता सत्तरीत, एका गुडघ्यात स्टील घेऊन
त्यांनी मागवली होती घडीची होडी,
पाठीवर टाकून नदीपर्यंत नेता येईल अशी.
तीनशे एकोणनव्वद युरो.
पैसे त्याच मिनिटाला गेले.
पैशांना कधी उशीर होत नाही.

नवव्या दिवशी वल्हं.
दहाव्या दिवशी मेल:
'तांत्रिक कारणास्तव आपली ऑर्डर रद्द झाली आहे.'
झाली आहे. केली कोणी, ते नाही.
असली वाक्यं मी लांबून ओळखते,
कर्ता मागच्या दारानं पळालेला असतो
आणि क्रियापद एकटंच उंबऱ्यात उभं.
त्याच संध्याकाळी तीच होडी, तोच निळा रंग,
त्याच दुकानात
सहाशे चाळीसला.
नातीनं स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता, तारखेसकट.
शहाणी पोर.

मी विचारलं, पहिली मेल आहे का?
घोडं नेहमी तिथंच अडतं.
'स्वीकारली' असेल तर शब्द दिला.
'मिळाली' असेल तर नुसती मान हलवली.
या दोन क्रियापदांमधल्या फटीतून
किती जणांची होडी वाहून गेलेली मी पाहिलीय.

'मिळाली' होतं.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले,
रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरकडे बघावं तसे.

मग अटी. सतरा पानं, मुंगीएवढं अक्षर.
कलम सहा: माल रवाना होताच करार झाला असे समजावे.
मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
ऑर्डर एक. नंबर एक. किंमत एक:
होडी, वल्ह्यासह.
आणि इथं, माझ्या चहाशेजारी,
इसार पडला होता,
दुकानदारानंच गिऱ्हाइकाला दिलेला, नकळत,
दोन मीटर वीस सेंटीमीटर लांबीचा.

"ते परत मागतायत," ब्रुडगाम म्हणाले. "फुकट नेतील म्हणे."
"उघडू नका. देऊही नका."

पत्र आम्ही तिथंच लिहिलं.
होडी द्या, त्याच भावात.
नाहीतर दुसरीकडून घेताना जो फरक पडेल तो भरा.
चौदा दिवस. तारीख घातली, आकड्यात आणि अक्षरात.
'चौदा दिवसांत' लिहिलं की लोक मोजायला विसरतात.
'कृपया' त्यांनी खोडलं.
मी पुन्हा घातलं.
ते पुन्हा खोडलं.

जिंकू का, माहीत नाही.
म्हणतील, किंमत चुकून पडली होती. म्हणू देत,
मग आधी का नाही म्हणाले?
म्हणतील, रवाना झालं ते वल्हं, करार वल्ह्यापुरता.
त्यावर वकील महिनाभर जेवतील.
मी त्यांना हे सगळं सांगितलं,
आणि हेही, की आधी वीस युरोचं कूपन येईल,
तोंडाला पुसायची पानं,
ते घेऊ नका.

खिडकीतून दिसलं, ट्राम आली.
वल्हं आडवं जाईना, उभं जाईना.
चालकानं उतरून विचारलं असावं, होडी कुठाय.
ब्रुडगाम सांगू लागले,
एका हातानं वल्हं धरून, दुसऱ्यानं कलम सहा दाखवत.
ट्राम सहा मिनिटं उशिरा सुटली.