डावी

कवळ्या बनवतो मी. छत्तीस वर्षं.
मेण, प्लास्टर, अ‍ॅक्रिलिक,
आणि दुसऱ्यांचं चावणं.
म्हणून माझगावात, माथारपाखाडीच्या त्या शेडमध्ये
ताडपत्री ओढली तेव्हा
आधी तिचं तोंडच पाहिलं:
रुंद, काळं, या कानापासून त्या कानापर्यंत,
आणि मधल्या सात दांड्या पडलेल्या.

डॉज चार्जर, अडुसष्ट सालची.
(चार्जर म्हटलं की पोरं खिशात हात घालतात.)
वकिलातीतला कुणी साहेब जाताना विकून गेला,
ती ऑस्बर्ट परेरांनी घेतली,
आणि ऑस्बर्ट गेल्यावर अकरा वर्षं
मांजरींनी वापरली.
एव्हलिनबाईंनी पैसे मोजले नाहीत.
म्हणाल्या, दोन अटी:
आरशावरची रोझरी काढायची नाही,
आणि नाताळच्या आदल्या दिवशी
माझ्या खिडकीखाली आणून
एकदा जोरात रेस द्यायची.

एफडी मोडली. कुमुदला सांगितलं ते सही झाल्यावर.
ती कोथिंबीर निवडत होती.
जुडी संपली, तरी देठं निवडत राहिली.
मग म्हणाली,
"ठेवणार कुठे? पलंगाखाली?"

मुस्तकीमनं कुर्ल्याहून येऊन बॉनेट उघडलं
आणि बराच वेळ काही बोललाच नाही.
आठ सिलिंडर.
लिटरला चार किलोमीटर, उतार असला तर पाच.
हेडलाइटवरच्या झडपा हवेच्या ओढीनं उघडतात,
त्यातली डावी उघडत नाही.
सगळं करून झालं, नळ्या बदलल्या,
तरी रात्री ती एक डोळा मिटूनच निघते.

दांड्या मी घरीच ओतल्या.
काळी कवळी कुणी मागत नाही,
त्यामुळे शेड जुळवायला तीन रात्री गेल्या.
प्युमिसनं घासल्या, बसवल्या,
आणि सवयीनं म्हणालो,
"चावून बघा."

स्टिअरिंग डावीकडे.
म्हणजे कुमुद उजवीकडे, आपल्याकडच्या ड्रायव्हरच्या जागी.
माहीम कॉजवेवर हवालदारानं हात केला,
तिच्या काचेशी वाकला. "लायसन."
ही मांडीवर मटार सोलत होती.
त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं, मग समोर,
जिथे चाक असायला हवं तिथे,
मग पुन्हा मटारांकडे.
तिनं शेंग पुढे केली. "घ्या, गोड आहेत."
त्यानं घेतली, बाबा. खाल्लीही.
त्या दिवसापासून ती "तुमची गाडी" म्हणायची थांबली.
"आपली" अजून म्हणत नाही.
नुसतं "गाडी."

दोनशेवर जाते म्हणतात.
मी पासष्टच्या वर नेलेली नाही,
तीही रविवारी पहाटे पाच वाजता, वरळीला,
चारशे मीटर. पुढे स्पीडब्रेकर.
पण पाय जरा टेकवला की
खालून काहीतरी उठतं, मणक्यातून वर येतं,
आणि माझ्या स्वतःच्या दाढा
(अजून सगळ्या शाबूत आहेत)
एकमेकींवर घट्ट बसतात.

नाताळच्या आदल्या दिवशी खिडकीखाली उभा राहिलो.
दिली रेस. कावळे उडाले.
एव्हलिनबाई वर आल्या, कठड्याला धरून ऐकत राहिल्या.
मला वाटलं, आता डोळे पुसतील.
"एक सिलिंडर मिस करतोय," त्या म्हणाल्या.
"ऑस्बर्टलाही कधी कळायचं नाही."
आणि खिडकी लावून घेतली.

सहाव्या सिलिंडरचा प्लग होता. बदलला.

काल हाजी अलीच्या सिग्नलला
गजरे विकणारा एक पोरगा पुढून आला.
गजरे विसरून बंपरसमोर उकिडवा बसला,
ओठ वर करून क्रोममध्ये बघू लागला
हलणारा दात.
जिभेनं ढकलत होता, बोटानं.
मी काचेतून डोकं काढून ओरडलो,
"ओढू नकोस रे! आपोआप पडू दे!"
तो दचकला, हसला,
आणि माझ्या सात दांड्यांकडे बोट करून म्हणाला,
"यांचे पण पडलेले का?"

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न.
मी गिअर टाकला, आणि ती बंद पडली.