फलकाचा मजकूर

ट्राम येणार होती तेव्हाची गोष्ट.
म्हणजे ती फाईलमध्ये आली होती,
फाईल तिसऱ्या मजल्यावर, माझ्या टेबलावर,
आणि गावाचा नकाशा उडू नये म्हणून
चार कोपऱ्यांवर चार कपबश्या.

"रूळ नंतर बघू. आधी नावं ठरवा," साहेब म्हणाले.
आधी बारसं, बाळंतपण सवडीनं.

मी अक्षरं सुचवली.
पण ए, बी, सी, डी, ई केव्हाचीच
वॉर्ड होऊन घराघरांच्या पत्त्यात बसलेली.
सी वॉर्डातला माणूस ई गाडीत का चढेल?
अ ब क ड म्हटलं, तर सरनोबत बाई हसल्या,
"ड तुकडीत होते मी, दहावीपर्यंत.
पुन्हा ड मध्येच बसायचं, तेही तिकीट काढून?"

आकडे घ्यावेत, तर राजारामपुरीच्या गल्ल्यांनी
पहिलीपासून वापरून ठेवलेले.
"आठवीला उतरा" म्हणजे आठवा थांबा, आठवी गल्ली,
की आठ नंबरच्या गाडीतून?

रंगाला तर हातच लावू नये.
निळा काढला, एका तालमीची पोरं खूश,
दुसरीकडून निरोप आला,
आमची पेठ त्या रंगाच्या डब्यात चढायची नाही,
फायनलच्या दिवशी तर नाहीच नाही.
भगवा, हिरवा ही नावं कुणी उच्चारलीसुद्धा नाहीत.
कुणीतरी उठून खिडकी लावून घेतली.

दोन वाजले होते. भूक.
मागच्या खुर्चीतून आवाज आला,
"तांबडी आणि पांढरी ठेवा की राव."
सर्वानुमते मंजूर.
इतिवृत्तात रश्श्याचा उल्लेख नाही.

पण रूळ एक आणि गाड्या दोन, हे सांगताना माझा घसा बसला.
शिरोली नाक्यापासून दोघी एकाच रुळावर,
मिरजकर तिकटीला फुटायच्या,
एक कळंब्याला, एक रंकाळ्याला.
"मग लाईन एक म्हणायची का दोन?"
मी बावीस पानांची टिपणी उघडली.
"आडनाव एक, नावं दोन," चहा ठेवता ठेवता
गणबावले शिपाई म्हणाला.
मी टिपणी मिटली.

नमुन्याचे फलक करायला दस्तगीर पेंटर आले.
चाळीस वर्षं बसच्या पाट्या रंगवलेला हात.
'कसबा बावडा'तला ड असा वळवायचे
की बसच्या आधी तोच वळलेला दिसायचा.
पांढरी लाईन पांढऱ्या कागदावर कशी दाखवू,
या काळजीनं मला दोन रात्री झोप नव्हती.
"काळी कड मारतो की. त्यात काय."

मग एक डबा पुढं सरकवून, सहज विचारल्यासारखं,
"बाई, लेबल निघालंय ह्येचं. तांबडा ह्योच न्हवं?"

हिरवा होता. गर्द हिरवा.
मी बोलले नाही, दुसरा डबा पुढं केला.
त्यांना कळलं. बराच वेळ कोरडाच ब्रश पुसत राहिले.
"ल्हानपणापास्नं हाय. टोमॅटो पिकलाय का ते
दाबून बघतो मी.
पाटी कधी चुकली न्हाई पर.
अक्षरावरनं गाडी वळखतो माणूस. कुठं बोलू नका."

संध्याकाळी इतिवृत्तात एक ओळ वाढवली:
प्रत्येक रंगाशेजारी रंगाचे नाव ठळक लिहावे.
कारणाचा रकाना मोकळा सोडला.

ट्राम आली नाही.
फाईल दुसऱ्या मजल्यावर गेली, मग पहिल्या,
मग जिथं कागद ओल धरतात तिथं.
एक फलक मात्र सुटला, कसा कोण जाणे.
कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीवर सावली धरून आहे.
रंग उन्हानं गेलाय,
आता गुलाबी म्हणा, पांढरट म्हणा.
खालची आक्काताई फोनवर नातवाला सांगत होती,
"तांबडीपाशी ये, तांबडीपाशी,"
आणि पोरगं सरळ तिथंच आलं.

मी मेथीची जुडी घेतली, सुटे पैसे शोधत
जरा जास्तच वेळ उभी राहिले.
त्यातला ड अजून वळतोय.