वास येतोय का?

आधी वास येतो.
शेंगदाणे भाजताना मूठभर तळाला लागतात ना,
तसला. नाकात नाही,
नाकाच्या मागे, कानाजवळ कुठेतरी.

दुसऱ्या गावात असते तर सोपं होतं.
इथं गल्लीच्या तोंडालाच नागूबाईचं उखळ,
दहापासून लाल चटणी कुटतात तिघीजणी,
आणि वारा कसाही फिरला तरी
वास येऊन आमच्याच उंबऱ्यावर बसतो.

म्हणून मी विचारते.
बारा वर्षं झाली, एकच प्रश्न.
येतोय म्हणाले की पुढं चालते.
नाही म्हणाले की खाली बसते,
चष्मा काढते, पदर मानेखाली घेते.
गल्लीतली पोरंही आता
मी तोंड उघडायच्या आत सांगतात:
येतोय अक्का, येतोय, जावा.

कारखान्यात मला मागावर घेत नाहीत.
पट्टा, धोटा, फिरतं चाक.
राजमणी, तू आपली घड्या घाल, म्हणाले मालक.
घालते. समोर मेहरून सुटे धागे कातरते.
वासानंतर डाव्या करंगळीत मुंग्या,
मग मागांचा खडखडाट, जो जेवणाच्या सुट्टीतही
कानातून जात नाही, तो लांब जातो,
कुणी त्याच्यावर चादर टाकल्यासारखा.
मग मेहरून ओळखीची वाटू लागते, जास्तच ओळखीची,
हाच धागा तिनं मागंही कधी
असाच, याच उन्हात कातरला होता.
घड्यांत मोजलं तर नऊ टॉवेल.
दहावा कधी पुरा झालेला नाही.

त्यापुढचं मला माहीत नाही.
ते मेहरूनला माहीत.
माझ्या आयुष्यातली दोन-दोन मिनिटं
तिच्याकडं साठलीत.
आज दीडच मिनिट, ती सांगते,
तेलुगूत कायतरी बोललीस, मला कळलं नाही.
मलाही कळत नाही. जीभ चावलेली असते,
दोन दिवस भाकरी दुधात कुस्करून.

पूर्वी नाकाशी चप्पल धरायचे,
मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबायचे.
जाग आली की हातावर कुलपांचे दात.
मेहरून तसलं काही करत नाही.
कुशीवर वळवते.
घड्याळ बघते.
लोकांना म्हणते, सरका, वारं येऊ द्या.

एकदा भवानी पेठेतून बघायला आले होते.
हातात सुशिल्याच्या सहा बश्यांचा ट्रे,
आणि वास.
मी मुलाच्या आईलाच विचारलं, येतोय का?
हो हो, छान येतोय, ती म्हणाली.
सुशिल्याबद्दल म्हणाली बिचारी.
मी उभीच राहिले.

पुढचं सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं.
अम्मा अजून त्या बाईला बोल लावते.
मी नाही. तिनं खरं तेच सांगितलं होतं.

मागच्या वैशाखात, भर दुपारी,
कन्ना चौकाच्या अलीकडं शटरं ओढलेली,
रस्त्यावर एक कुत्रं, तेही सावलीत निजलेलं,
आणि वास.
विचारायला कुणी नाही.
बसले एका तापलेल्या पायरीवर,
चष्मा पिशवीत ठेवला,
हवेत घड्या घालायला लागले.
सात. आठ.
करंगळी मोडून बघितली, माझीच होती.
नऊ.
दहा घातली.
अकरावीही घातली, विश्वास बसेना म्हणून.

तेवढ्यात कोपऱ्यावरून गाडा वळला,
लोखंडी कढई, वाळूत उलथणं.
काय झालं अक्का, बरं वाटेना का?
वास येतोय, मी म्हटलं.
येणारच की, आत्ता भाजलालोय.

दहा रुपयांचे घेतले.
पाय पोळत होते, तरी तिथंच बसून खाल्ले.
एक दाणा करपलेला निघाला,
तोही.